श्रीगणेशा, छडी आणि साक्षीदार

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या वाटेवर ते लागते. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे पंचक्रोशीत त्याचे नाव आहे. गणपती ही विद्येची देवता मानली गेली, आणि आपल्या भाषेने तर 'आरंभ' या शब्दालाच 'श्रीगणेशा' हा पर्याय देऊन टाकला. मूल प्रथम धुळाक्षरे गिरवते तेव्हा ते या देवाच्या नमनाने गिरवते, अशी ही परंपरा. परंपरा सांगणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. ज्या गावाच्या नावातच विद्येचा देव आहे, त्या गावाच्या वेशीबाहेरच्या पोराचा श्रीगणेशा शतकानुशतके कोणी केला? हा प्रश्न एकट्या लिंबागणेशचा नाही. पण लिंबागणेश हे नाव समोर ठेवले की तो टाळता येत नाही.

शाळेतील हिंसा हा विषय अलीकडे जगभरच्या कादंबऱ्यांत येऊ लागला आहे. अमेरिकेत तो बंदुकीच्या रूपाने येतो. एखादा एकाकी, डिवचला गेलेला मुलगा एके दिवशी शस्त्र घेऊन वर्गात शिरतो, आणि त्या क्षणाभोवती सारी कथा उभी राहते. तेथील लेखक त्या मुलाचे मन शोधतात, त्याला डिवचणाऱ्यांना शोधतात, मुकाट राहणाऱ्या शिक्षकांना शोधतात. आपल्याकडील शाळेतील हिंसेला असा एक क्षण नाही. तिचा आवाज होत नाही. ती गोणपाटाच्या तुकड्यात आहे, वरून ओतलेल्या पाण्याच्या धारेत आहे, हातात दिलेल्या झाडूत आहे, हजेरी घेताना नावाआधी उच्चारलेल्या जातीत आहे. ती रोज होते, म्हणून तिला कोणी हिंसा म्हणत नाही. तिला 'शिस्त' म्हणतात, 'रीत' म्हणतात, 'गावचा रिवाज' म्हणतात. या लेखाचा हेतू हा, की या हिंसेचा इतिहास सलग पाहावा, त्या इतिहासातली पात्रे ओळखावीत, आणि त्यातले वळण नेमके कोठे आले व कोठे अजून यायचे आहे, ते शोधावे.

छडीचा इतिहास जुना आहे. पंतोजीच्या शाळेत सवर्णांची मुलेही मार खात होती. अंगठे धरून उभे राहणे, हातावर वळ उठणे हे त्यांच्याही वाट्याला आलेले आहे, आणि त्याच्या गमतीदार आठवणी मराठी वाङ्मयात भरपूर आहेत. पण या दोन मारांत फरक आहे. सवर्ण मुलाला छडी बसली ती पाढा चुकला म्हणून. बहिष्कृत मुलाला बसली ती तो तेथे आला म्हणून. पहिल्याचा मार पाढा पाठ झाल्यावर थांबत होता. दुसऱ्याचा पाढा पाठ झाल्यावर उलट वाढत होता, कारण हे पोर शिकले याचाच राग होता. म्हणून पहिल्याला मोठेपणी आपला मार गमतीने सांगता येतो, आणि दुसऱ्याला सांगताना कंठ दाटतो. मराठी वाङ्मयात शाळेचे स्मरण बराच काळ गोड राहिले, त्याचे कारण एवढेच की स्मरण करणारे पहिल्या बाकावरचे होते.

पूर्वीच्या गावांत शाळा बहुधा देवळात, देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत भरत असे. ही गोष्ट साधी वाटते. पण साऱ्या व्यवस्थेचे मर्म तिच्यात आहे. शाळा देवळात भरली की अस्पृश्य मुलाला वेगळी बंदी घालण्याची गरजच उरत नाही. देवळाच्या पायरीने ते काम आधीच केलेले असते. मास्तर म्हणू शकतो, 'माझी काही हरकत नाही'. पाटील म्हणू शकतो, 'आम्ही कोठे अडवतो?' मूल बाहेर उभे राहते आणि दोषी कोणीच नसतो. ज्या हिंसेला गुन्हेगार सापडत नाही ती सर्वात टिकाऊ हिंसा होय.

या मुकाट बंदीला पहिला लेखी प्रश्न विचारला गेला तो १८५६ साली. धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याआधी १८५४ च्या खलित्याने सरकारी शिक्षणाची जबाबदारी मान्य केली होती आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या. १८५५ साली त्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. म्हणजे ही मुले शिकू शकतात हे सिद्ध झालेले होते. प्रश्न बुद्धीचा नव्हता, बाकाचा होता. धारवाडच्या अर्जावर सरकारने जो निर्णय दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा की न्याय मुलाच्या बाजूला आहे हे खरे, पण एका महार मुलासाठी इतर साऱ्यांना शाळेबाहेर घालवणे शहाणपणाचे नाही. न्याय एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे! पुढे हे प्रकरण वर गेले आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले. तत्त्व कागदावर आले. मुलगा मात्र कागदपत्रात 'एक महार मुलगा' एवढाच राहिला. आपल्या शैक्षणिक इतिहासातील हे पहिले पात्र; पण इतिहासाने त्याला नावाने हाक मारली नाही.

तत्त्व खुले झाले तरी दार किती उघडले, याचा हिशेब १८८२ च्या हंटर आयोगापुढे आला. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्यांची मुले शंभरात एक या प्रमाणातही नव्हती, आणि महाविद्यालयात एकही नव्हता. याच आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले आणि शिक्षणाचा पैसा खालून गोळा होतो व वरच्यांवर खर्च होतो, हे सरकारला सुनावले. त्याच काळच्या सरकारी नोंदींत गुजरातच्या खेडा जिल्ह्याची हकीकत आहे. काही अस्पृश्य मुले शाळेत घेतली म्हणून तेथील मोठ्या शाळा कित्येक वर्षे ओस पडल्या, आणि एका वेळी तर अस्पृश्यांच्या झोपड्या व पिके जाळली गेली. हा तपशील मी मुद्दाम देतो. शाळेत पाऊल मुलाने टाकले. आग बापाच्या शेताला लागली. आपल्याकडील शाळेतील हिंसा वर्गाच्या चार भिंतींत राहत नाही, ती वस्तीपर्यंत जाते. त्यामुळे पोराला शाळेत घालणे हे आपल्या समाजात केवळ शिक्षण नव्हते, ते धाडस होते. त्या धाडसाची किंमत साऱ्या वस्तीला मोजावी लागत होती.

यानंतरच्या दोन पिढ्यांत कायद्याची पावले पडत गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. त्यात पाणवठ्यांबरोबर शाळाही होत्या. पाणवठ्याचा प्रश्न महाडला रणांगणावर आला आणि इतिहासात गाजला. शाळेचा प्रश्न मात्र गावोगाव, वर्गावर्गात, एकेका पोराच्या अंगावर लढला गेला. त्याला चवदार तळ्यासारखे एक ठिकाण नाही. प्रत्येक शाळेचा ओटा हेच त्याचे ठिकाण.

बाबासाहेबांच्या बालपणाकडे या दृष्टीने पाहावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसायला स्वतःच्या घरचे गोणपाट न्यावे लागे आणि ते घरी परत आणावे लागे, कारण झाडलोट करणाराही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर तहान तशीच. मुंबईच्या शाळेत फळ्यापाशी बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेल्या डब्यांना विटाळ होईल म्हणून वर्गात आरडाओरड झाली. बाबासाहेबांना येथे कोणी छडीने मारले नाही, हे लक्षात घ्यावे. पण जेथे मुलाच्या तहानेची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते, तेथे छडीची गरजच काय? याच काळात कृष्णाजी अर्जुन केळुसकरांसारखा शिक्षक त्यांना भेटला. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र १९०७ साली या तरुणाच्या हाती ठेवले आणि पुढे त्याच्या शिक्षणाला हातभारही लावला. म्हणजे 'गुरुजी' हे पात्र एकरंगी नाही. व्यवस्था त्याला जल्लाद करू पाहते. तरी तो माणूस राहू शकतो. राहू शकतो म्हणूनच, जो राहत नाही त्याला व्यवस्थेच्या आड लपता येत नाही.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिले त्यात शाळेचे खरे चित्र ही मोठी देणगी आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली. या पुस्तकांना शाळेच्या अंगाने सलग वाचले की एकच कादंबरी अनेकांनी मिळून लिहिल्यासारखी वाटते. तीच पात्रे पुन्हा पुन्हा येतात: गुरुजी, पोर आणि आईबाप.

'अक्करमाशी'ची सुरुवात शाळेच्या सहलीने होते. सवर्ण मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसरीकडे. जेवणे वेगळी, आणि उरलेसुरले अन्न यांच्या पदरात. दुसऱ्या दिवशी गुरुजी सांगतात, सहलीवर निबंध लिहा. येथे हिंसा दोन वेळा होते. पहिली पंगतीत, दुसरी निबंधात. कारण त्या मुलाने काय लिहावे? खरे लिहिले तर तो उद्धट. खोटे लिहिले तर तो स्वतःचा वैरी. मराठीतील दलित आत्मकथन म्हणजे त्या न लिहिता आलेल्या निबंधाचे पुढे कित्येक वर्षांनी दिलेले उत्तर होय, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

'उचल्या'त चित्र आणखी वेगळे आहे. गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीतल्या पोराची खरी 'शाळा' मारानेच भरते. पोलिसांच्या हाती सापडल्यावर तोंडातून शब्द फुटू नये म्हणून घरचीच माणसे मारून मारून पोराला तयार करतात. अशा जमातीतले एक पोर पाटी घेऊन सरकारी शाळेत जाऊ लागते. पुढे वस्तीतली पोरे हगवण-ओकारीने आजारी पडतात, आणि जमात म्हणते, हे त्या शाळेत जाण्यामुळेच झाले. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी गुन्हा कोरला, त्यांच्या मनात शाळेविषयी किती धास्ती पेरली गेली होती, हे यावरून दिसते. बहिष्कृताला शाळेबाहेर ठेवण्याचे काम कधी कधी त्याची स्वतःची भीतीच करते. अशा वेळी पोराला शाळेतून न काढणारा बाप हा मला या पुस्तकातला क्रांतिकारक वाटतो. त्याने भाषण केलेले नाही, मोर्चा काढलेला नाही. त्याने फक्त पोराची पाटी हातातून काढून घेतली नाही.

'आयदान'मधील आई तर विसरता येत नाही. रत्नागिरीकडचे गाव, नवरा गेलेला, बांबूच्या कामट्यांची सुपे-टोपल्या विणून पोरे शिकवणारी ही बाई. शाळेत गुरुजी मुलीला आवारातले शेण उचलायला लावतात. एके दिवशी मुलगी नकार देते आणि तिच्या गालावर फटका बसतो. आई विणकाम करीत बसलेली असते. गुरुजी वाटेने जाताना दिसतात तेव्हा ती त्यांना अडवते आणि जाब विचारते. आपल्या पाठीशी आई उभी आहे, हे त्या मुलीला त्या दिवशी कळते. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकी यांचे 'जूठन' १९९७ साली आले. त्यातही मुख्याध्यापक पोराला वर्गात बसू न देता शाळा झाडायला लावतो. तिसऱ्या दिवशी वाटेने जाणारा बाप हे पाहतो, पोराच्या हातातला झाडू हिसकून फेकून देतो आणि मुख्याध्यापकाला ललकारतो. कोकणातली आई आणि उत्तर प्रदेशातला बाप एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोन्ही पुस्तकांत कथेचे वळण तेथेच आहे.

हे वळण नीट समजून घेतले पाहिजे. मूल शाळेत गेले, येथे वळण नाही. ते १८५६ सालीच जाऊ पाहत होते. मूल पहिले आले, येथेही नाही; हुशार पोराला मार चुकत नव्हता. वळण त्या क्षणी आहे, जेव्हा आईबाप गुरुजींसमोर उभे राहून विचारतात, 'का मारलेस?' या दोन शब्दांनी 'रीत' कोसळते आणि तिच्या जागी 'हिंसा' उभी राहते. जोवर मार हा रिवाज असतो तोवर त्याला उत्तर नसते. ज्या दिवशी त्याचे कारण विचारले जाते, त्या दिवशी तो गुन्हा होतो. बाबासाहेबांच्या चळवळीचे खेड्यापाड्यांतले खरे यश मोजायचे असेल तर ते निवडणुकीच्या आकड्यांत मोजू नये. अशा किती आयांनी किती गुरुजींना वाटेत अडवले, यात मोजावे.

मराठवाड्यात हे वळण उशिरा आले, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. लिंबागणेशसह सारा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. खेड्यांत शाळा तुरळक. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती. सवर्ण कुळवाड्याच्या घरातच जेथे अक्षर नव्हते, तेथे महारवाड्याची, मांगवाड्याची गोष्ट काय सांगावी? मक्रणपूरला १९३८ साली आणि कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषदा झाल्या आणि जागृतीचे वारे आले. पोलीस कारवाईनंतर १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला द्यावे, यातच सारे आले. बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबादकडची पोरे वळकटी घेऊन नागसेनवनात उतरली. १९५० च्या आगेमागे जी पिढी पाटीला भिडली, तीच सत्तरीच्या शेवटी लिहू लागली. आत्मकथनांची लाट १९७८ नंतर आली, यात गूढ काही नाही. पहिली शिकलेली पिढी हाताशी यायला तेवढी वर्षे लागतात.

आणि त्याच वर्षी उत्तरही आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. हजाराहून अधिक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. हे सारे एका विद्यापीठाच्या नावासाठी! खेड्यातल्या अशिक्षित दलिताचे विद्यापीठाशी काय नाते होते? त्याने त्याचे दारही पाहिले नव्हते. पण खेडा जिल्ह्यात जे शंभर वर्षांपूर्वी घडले तेच येथे घडले. पाऊल शाळेत पडले आणि आग वस्तीला लागली. नामांतराची दंगल ही शाळेतील हिंसेच्या इतिहासातले सर्वात मोठे प्रकरण आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांत एका पाटीवर काही अक्षरे वाढली, आणि त्या अक्षरांचा श्रीगणेशा रक्ताने झाला.

यानंतर कायदे आणखी भक्कम झाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. छडी कागदावरून हद्दपार झाली. बालाघाटच्या गावांत हिंसेचे एक रूप मात्र तसेच राहिले. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे मजूर कोयते घेऊन बाहेर पडतात आणि पोरेही बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर चढतात. नाव हजेरीपटावर, पाय उसाच्या फडात. हंगामी वसतिगृहांनी यातली काही पोरे गावात राखली. पण ज्याच्या घरी जमीन नाही त्याच्या पोराला हा हंगाम सर्वात आधी उचलून नेतो, आणि जमीन कोणाच्या घरी नाही हे सांगायला नको. येथे मारणारा हात दिसत नाही, एवढाच फरक.

आणि जेथे हात दिसला, तेथे काय झाले? लिंबागणेशहून पाटोद्याच्या वाटेने पुढे जामखेड तालुक्यात शिरले की खर्डा दूर नाही. जिल्हा बदलतो, मुलूख तोच. खर्डा हे नाव प्रत्येक मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. १७९५ साली येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी अकरावीत शिकणारा नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित मुलगा मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला दिवसाढवळ्या शाळेच्या आवारातून मारहाण करीत नेले आणि झाडाला लटकवले, असा आरोप होता. खटला चालला. साक्षीदार फितूर झाले, त्यांत शाळेशी संबंधित माणसेही होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. न्यायालय पुराव्यावर चालते, आणि पुरावा माणसांच्या तोंडात होता. पोर मेले ही गोष्ट खरी. पण त्याला कोणी मारले याचे उत्तर कायद्याच्या वहीत कोरे राहिले.

येथे या कथेतले चौथे पात्र पुढे येते, आणि आजवर आपण त्याच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. ते पात्र म्हणजे बघणारा. सहलीच्या दिवशी दुसऱ्या झाडाखाली बसलेली मुले बघत होती. गोणपाटावरच्या मुलाला तहान लागली तेव्हा सारा वर्ग बघत होता. शेण उचलायला लावले तेव्हा मैत्रिणी बघत होत्या. गुरुजी एक असतो, मार खाणारे पोर एक असते. बघणारे पन्नास असतात. व्यवस्था एकट्या गुरुजीच्या छडीवर उभी नसते, ती या पन्नासांच्या मौनावर उभी असते. आईने गुरुजीला वाटेत अडवले, बापाने झाडू फेकला. मार खाणाऱ्यांच्या बाजूचे वळण पूर्ण झाले. त्या बाजूने विचारायचे ते विचारून झाले. बघणाऱ्याचे वळण अजून आलेले नाही. ते आले असते तर खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदारांचे तोंड मिटले नसते. वर्गात मुकाट बघायला शिकलेले मूलच पुढे पिंजऱ्यात उभे राहून 'मला आठवत नाही' म्हणते. मौन हाही एक पाढा आहे, आणि तो लहानपणीच पाठ करून घेतला जातो.

म्हणून मला वाटते की आता आत्मकथनाच्या पुढे जाऊन दलित कादंबरीने शाळेत शिरावे. आत्मकथन 'मी'चे सत्य सांगते. ती त्याची ताकद आहे आणि तीच त्याची सीमा आहे. 'मी'ला स्वतःच्या पाठीवरचे वळ ठाऊक असतात. शेजारच्या बाकावर बसलेल्या पाटलाच्या पोराच्या मनात त्या क्षणी काय चालले होते, हे त्याला सांगता येत नाही. कादंबरीला तेथे जाता येते. तिला त्या गुरुजीच्या घरात जाता येते, तो संध्याकाळी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बाराखडी कशी शिकवतो ते पाहता येते. ज्या मुलाने सगळे पाहिले आणि घरी जाऊन जेवताना ताटावरून उठला, पण बोलला काहीच नाही, त्याच्या घशात अडकलेला शब्द तिला ऐकता येतो. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली आणि वाचकांनी तिला प्रेम दिले. वयात येणाऱ्या मुलांचे मन तिने हळुवारपणे पकडले. पण आपल्या शाळेची कादंबरी वेगळी असणार. तिचा नायक मार खाणारे पोरच असले पाहिजे असे नाही. तिचा नायक तो बघणारा असू शकेल, जो एके दिवशी उभा राहून म्हणेल, 'गुरुजी, मी पाहिले.'

यावर कोणी म्हणेल, की सवर्ण मुलाला नायकपद देऊन आपण आपल्या वेदनेचे केंद्र दुसऱ्याच्या हाती देतो. आक्षेप खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. आपला उद्धार कोणा दयाळू सवर्णाच्या साक्षीवर अवलंबून नाही. जाब विचारणाऱ्या आईने कोणाच्या साक्षीची वाट पाहिली नव्हती. पण बघणारा हा केवळ सवर्ण असतो हेही खरे नाही. ज्या वस्तीवर आग येते त्या वस्तीत दुसऱ्या दलित जातीचेही घर असते, आणि तेही कधी कधी दार लावून घेते. महाराचे पोर मार खाताना मांगाचे पोर गप्प, आणि मांगाचे खाताना महाराचे गप्प, असेही या गावांनी पाहिले आहे. त्या दाराआडच्या माणसाला कादंबरीत आणणे हे आपल्याच अंगावर प्रकाश टाकणे आहे. विद्रोहाचे वाङ्मय स्वतःला प्रश्न विचारायला कचरू लागले की ते विद्रोहाचे राहत नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्याकडे पुष्कळजण केवळ देवधर्माच्या अंगाने पाहतात. शाळेच्या इतिहासाच्या उजेडात ती वाचली तर तिचा दुसरा अर्थ दिसतो. ज्या देवाच्या नावाने विद्येचा आरंभ होत होता त्याच्या ओवरीत आमच्या मुलाला जागा नव्हती. तेव्हा आमच्या विद्येचा आरंभ आम्ही आमच्या नावाने करू, असा तो अर्थ आहे. आज लिंबागणेशच्या परिसरात कोणत्याही वस्तीवरचे मूल सरकारी शाळेत नाव घालू शकते. त्याच्या दप्तरात पुस्तक आहे, पोषण आहाराचे ताट आहे, कायद्याचे कलम आहे. हे सारे कोणी सहज दिलेले नाही. धारवाडच्या निनावी मुलापासून ते वाटेत गुरुजीला अडवणाऱ्या आईपर्यंत अनेकांनी ते एकेका प्रश्नाने मिळवले आहे. त्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्याने त्याच्या बाजूने बोलायला शिकावे, एवढा एक धडा क्रमिक पुस्तकात नाही. तो ज्या दिवशी वर्गात शिकवला जाईल, त्या दिवशी बहिष्कृतांच्याच नव्हे, तर साऱ्या गावाच्या शिक्षणाचा खरा आरंभ होईल.